विकत न घेतलेला पाऊस

या, अजून थोडे पुढे सरका. मागे राहिलात तर पावसाचा आवाज ऐकू यायचा नाही, आणि आजच्या गोष्टीतली सगळी मेख त्या आवाजातच आहे. टाळ नाहीत, मृदंग नाही, तरी घटकाभर मन एका जागी बसवा. आणि हो, आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी ठेवा. कुणासाठी, ते शेवटी सांगतो. घाबरू नका, ते माणूस फार जागा घेत नाही.

ओसाकाच्या दक्षिणेला, जिथे जुनी ट्राम अजून लोकांच्या कुंपणांना अंग घासत जाते, तिथल्या एका अरुंद गल्लीत निशिगाकी तोकुजी राहतात. पाणीखात्याच्या तक्रार-खिडकीमागे त्यांची उभी हयात गेली. अर्जावर शिक्का नसेल तर नळाला आलेले पाणीही आले असे न मानणारा हा माणूस. निवृत्तीनंतर अंगातला शिस्तीचा जोर कुठे खर्च करावा हा प्रश्न होताच, तो ह्या वर्षी सुटला. गल्लीच्या गटप्रमुखाचे काम पाळीपाळीने प्रत्येक घराकडे येते, ते त्यांच्याकडे आले. बाकीचे लोक ते काम कचऱ्यावर घालायच्या जाळीसारखे नाक दाबून उचलतात. निशिगाकींनी ते राज्याभिषेकासारखे स्वीकारले.

पण घरात मात्र राज्य सुनेसुने होते. त्यांच्या पत्नी सुमिएबाई वसंतापासून बोलेनाशा झाल्या होत्या. भांडण नव्हते. स्वयंपाक होत होता, प्रश्नाला उत्तर मिळत होते. फक्त ते उत्तर पलीकडच्या खोलीतून आल्यासारखे वाटे, मग त्या समोर बसलेल्या का असेनात.

कारण गल्लीला ठाऊक होते. त्यांच्या भिंतीला भिंत लागून इसोबे हात्सु आजी राहायच्या. पुढेमागे कुणी नसलेली, वाळक्या आवळ्याएवढी म्हातारी. सुमिएबाई ह्या गल्लीत लग्न होऊन आल्या तेव्हापासून सासू नसलेल्या सुनेला आणि सून नसलेल्या सासूला एकमेकींचा आधार होता. आजी गेल्या तेव्हा सुमिएबाई बहिणीकडे गेल्या होत्या. परत येईतो सगळे आटोपले होते. "उद्या येते हं, असं सांगून गेले होते मी," एवढे एक वाक्य त्यांनी त्या दिवशी उच्चारले, आणि मग जणू बोलण्याचा नळच बंद केला.

आजींची एक सवय होती, तीही सांगून ठेवतो. उन्हाळ्यात दुपार कलली की त्या बादली आणि लांब दांड्याचे ओगराळे घेऊन निघत आणि गल्लीतल्या प्रत्येक दारापुढे पाण्याचा एक सपकारा मारत. तापलेली जमीन चर्र करी, धूळ बसे, वारा गार होई. सगळी गल्ली दुवा देई, निशिगाकी सोडून. कारण दारापुढे चकचकीत करून ठेवलेल्या त्यांच्या बुटांवर रोज नेमाने पाणी पडे. "आजी, बूट!" ते आतून ओरडत. "बुटांनाही उकडतं रे बाबा," आजी बाहेरून म्हणत.

तर एके दिवशी हे दांपत्य बाजारातून येत होते. गेमच्या दुकानाच्या काचेत एक पडदा लावलेला होता आणि त्यावर एक गाव दिसत होते. टेकडीच्या अंगावर कौलारू घरे, मुळ्याच्या ओळी, आणि त्यांच्यावर बारीक पाऊस. सुमिएबाई थांबल्या.

"किती छान पाऊस आहे," त्या म्हणाल्या.

कुणी न विचारता त्यांच्या तोंडून निघालेले कित्येक महिन्यांतले ते पहिले वाक्य! निशिगाकी दुकानात असे शिरले की जणू आता दुकानच विकत घेऊन बाहेर येणार.

दुकानदार हाताके पिकलेल्या केसांची शेंडी बांधणारा मनुष्य होता. त्याने किंमत सांगितली. निशिगाकींनी चष्मा पुसला. किंमत ऐकल्यावर चष्मा कशासाठी पुसायचा हे त्यांनाही सांगता आले नसते.

"ह्या खेळाच्या आधीच्या भागाची किंमत तर निम्मीच होती म्हणे?"

"तेव्हा गावही लहान होतं, साहेब."

"बरं, म्हणजे ह्यात हे सगळं आलं? घरं, शेत, पाऊस?"

"घर आणि शेत आलं. पाऊस वेगळा."

"काय वेगळा?"

"पाऊस. पाऊस, मासेमारी आणि सणवार निरनिराळे विकत घ्यावे लागतात. कंपनीचा खर्च वाढलाय ना."

"म्हणजे एवढे पैसे मोजून मला कोरडं गाव मिळणार?"

"झारी दिलीय की साहेब," हाताके समजुतीच्या सुरात म्हणाला. "झारी फुकट आहे."

श्रोतेहो, देवाने आजवर इतका पाऊस पाडला, पण कधी दारात येऊन हात पसरला नाही. निशिगाकींचे डोके गरम झाले. पाणीखात्यात काढलेली सगळी वर्षे त्यांच्या आतून निषेध करू लागली. ते रिकाम्या हातांनी बाहेर आले. सुमिएबाईंनी फक्त काचेकडे एकदा वळून पाहिले. ते वळून पाहणे निशिगाकींना घरापर्यंत चावत राहिले.

गल्लीत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. समोरचे कुसुमोतो, जन्मभर ट्राम चालवलेले आणि म्हणून जगातल्या सर्व गोष्टी कुठे थांबतात हे ठाऊक असल्याचा समज असलेले गृहस्थ, कुंपणावरून म्हणाले, "निशिगाकीसान, घाई करू नका. गेम म्हणजे मासळी. दुकान बंद व्हायच्या वेळी जा, निम्म्या भावाची चिठ्ठी लागलेली असते."

निशिगाकी थांबले. काही आठवड्यांनी जाऊन पाहिले तर कंपनीने अत्यंत खेदपूर्वक, कमरेत वाकून, किंमत आणखी वाढवली होती. खेदाचे पत्रक काचेवर लावले होते आणि ते छापले मात्र सुरेख होते.

"अहो, खेळाची जुनी कॅसेट घ्यायची," केशकर्तनालयाच्या हामाओकाबाई म्हणाल्या. "नवीन घेतं कोण आता? एकानं खेळायची, विकायची, दुसऱ्यानं घ्यायची."

निशिगाकी पुन्हा दुकानात. हाताकेने मान हलवली. "कंपनीनं तीही वाट बुजवली, साहेब. पहिल्या मशीनशी ह्या कॅसेटचं लग्नच लागतं. दुसऱ्या घरी नांदत नाही ती."

"मग लोक करतात तरी काय?"

"कुणी उसासे टाकतात. कुणी जुनेच खेळ पुन्हा काढून खेळतात. आणि बाकीचे रोज इथं येऊन मला शिव्या देतात. तुम्ही त्यातले सभ्य."

अपमान झालेला माणूस चालताना विचार करतो, आणि विचार करताना कधीकधी त्याला खरोखरच काही सुचते. आपल्या गल्लीत सूचनांची फळी घरोघर फिरते, नाही का? कचरा कुठल्या वारी, गटार कधी उपसायचे, हे सगळे एका फळीला लावून कापडी पिशवीत घालतात, पिशवी पहिल्या घरी देतात, ते वाचून सहीऐवजी घरचा शिक्का मारून दुसऱ्या घरी, असे शेवटपर्यंत. मग कॅसेटचे लग्न एका मशीनशी लागते ना? लागू दे! मशीनच फळीबरोबर पिशवीत फिरवू! कॅसेट एक, मशीन एक, गाव एक, आणि नांदणारी अख्खी गल्ली.

हामाओकाबाईंच्या केशकर्तनालयात सभा झाली. दोन बायका डोक्यावर केस वाळवायचे टोप घालूनच मतदानाला बसल्या होत्या. कुसुमोतोंनी मुलाने घरी टाकून दिलेले, हातात धरून खेळायचे, वहीसारखे मिटणारे मशीन दिले. पैसे गल्लीच्या वर्गणीतून निघाले. पाऊस घ्यावा असा ठराव आला, पण तो पडला.

"झारी आहे ना फुकट?" कुसुमोतो म्हणाले.

हात वर करताना निशिगाकींनी सुमिएबाईंकडे पाहायचे टाळले.

इथे एक गोष्ट घडली, आणि ती केवळ निशिगाकींच्या हातूनच घडू शकत होती. गावात प्रत्येक घरासाठी एक रहिवासी आणि एक झोपडी नेमायची होती. कुसुमोतो म्हणाले, "हात्सु आजींचं घर वगळा. बंदच आहे ते."

"वगळता येत नाही," निशिगाकी म्हणाले.

"अहो, आजी गेल्या!"

"मला माहीत आहे गेल्या. पण सभासदत्वाचा राजीनामा सभासदानं स्वतःच्या शिक्क्यानिशी द्यायचा असतो. तो आलेला नाही. शिवाय त्यांनी वर्षाची वर्गणी जानेवारीतच भरली होती. ह्या कॅसेटमध्ये त्यांचेही पैसे आहेत."

कुसुमोतो म्हणाले, "राजीनामा द्यायला त्या येणार कुठून, निशिगाकीसान?"

"तो माझ्या अखत्यारीतला प्रश्न नाही."

अशा रीतीने त्या गावात हात्सु आजींच्या नावाची झोपडी उभी राहिली. फळीची पिशवी तर त्यांच्या बंद दाराच्या कडीला वसंतापासून अडकवली जातच होती. त्यांच्या पाळीच्या दिवशी सकाळी अलीकडचे घर ती तिथे लावी आणि संध्याकाळी पलीकडचे, म्हणजे निशिगाकींचे घर, ती काढून घेई. कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते. हात आपले आपण करत होते. आता त्याच कडीला मशीनही लटकू लागले.

पहिल्या फेरीत काही झाले नाही. दुसऱ्या फेरीत निशिगाकींनी आपल्या पाळीला मशीन उघडले आणि झारी घेऊन मुळ्यांकडे निघाले, तर मुळे ओले. कालची पाळी आजींच्या बंद घराची. म्हणजे काल गावात पाय ठेवायला कुणी नव्हते. ते आपल्या झोपडीशी आले, तर टपालपेटीत एक मुळा ठेवलेला.

हा मुळा पाहून निशिगाकींच्या हातातले मशीन जड झाले. कारण आजी जिवंत होत्या तेव्हा फळीची पिशवी त्यांच्याकडून कधी रिकामी येत नसे. मुरवलेला मुळा, दोन संत्री, काहीतरी असायचेच त्यात. गेल्यापासून पिशवी रिकामी येत होती. निदान खऱ्या जगात.

त्यांनी कुणाला सांगितले नाही. पाणीखात्याच्या माणसाने ओलीची तक्रार करायची कुणाकडे? पण पुढच्या फेरीत भर दुपारी, बाहेर झाडांवरचे सिकाडा किडे कानठळ्या बसवत असताना, त्यांना बारीक पावसाचा आवाज ऐकू आला. आभाळ कोरडे ठाक होते. ते आवाजाच्या मागे गेले. आवाज दाराजवळच्या खुंटीपाशी होता. खुंटीला पिशवी होती. पिशवीतले मशीन बंद होते.

त्यांनी पिशवीला हात लावला. पिशवी गार होती.

"आला वाटतं," स्वयंपाकघरातून सुमिएबाई म्हणाल्या. आणि त्या हसल्या! मोठ्याने नाही, पण हसल्या. मग कांदा चिरता चिरता काहीतरी गुणगुणू लागल्या.

आता निशिगाकींची अवस्था पाहा. घरात भूत शिरल्याची भीती, आणि त्या भुताने बायकोला हसवल्याचा आनंद! एका डोळ्याने घाबरावे आणि दुसऱ्याने कृतज्ञ व्हावे, अशी देवाने माणसाची रचना केलेली नाही. ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि चुकून कुसुमोतोंच्या तावडीत सापडले. मग तोंडून सगळे निघून गेले.

झाले. गल्लीला काम मिळाले. कुसुमोतो म्हणाले बॅटरी फुगली असेल, फुगलेल्या बॅटरीतून ट्रामलाही असाच आवाज येई. हामाओकाबाईंनी कागदात मीठ बांधून आणले आणि पिशवीच्या चारी कोपऱ्यांत ठेवायला सांगितले. त्यातले थोडे मीठ मशीनच्या फटीत गेले आणि निशिगाकींचा गावकरी दोन दिवस फक्त डावीकडे चालत राहिला. देवळातल्या गुरुजींना विचारले, तर ते म्हणाले, "खेळासाठी मंत्र आहेत, पण आधी पाऊस थांबवायचा आहे की चालू ठेवायचा, हे ठरवून या."

शेवटी निशिगाकींना जे मनापासून करता येते ते त्यांनी केले. त्यांनी तक्रार-खिडकी शोधली. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजले, मग एक गोड आवाजाची बाई आली.

"आपल्या गावात पाऊस चालू केलेला नाही, साहेब," ती तपासून म्हणाली. "हवा असल्यास आत्ताच घेता येईल. पुढच्या महिन्यात किंमत वाढते आहे."

"मला नको आहे. तो पडतोय, ही माझी तक्रार आहे."

"न घेतलेला पाऊस पडू शकत नाही, साहेब."

"पडतोय पण!" निशिगाकींनी फोन मशीनजवळ धरला. "ऐका."

मग ती बाई हलक्या आवाजात म्हणाली, "ऐकू येतोय."

"येतोय ना?"

"माझ्या आजोळी असाच..." ती थांबली, आणि एकदम पुन्हा कंपनीची झाली. "साहेब, गावातल्या दुसऱ्या रहिवाशांना विचारून पाहिलंत का? एक रहिवासी आत्ता गावात आहेत."

"अहो, मशीन बंद आहे! माझ्यासमोर आहे!"

"शेवटून दुसऱ्या घरातल्या. आपल्या घराला लागून. त्या बाहेर फिरताहेत."

"कोण? नाव काय?"

"ती वैयक्तिक माहिती आहे, साहेब. त्यांनी स्वतः फोन केला तरच सांगता येईल."

आयुष्यभर दुसऱ्यांना जे उत्तर दिले तेच उत्तर अंगावर येते तेव्हा माणसाला पूर्वजन्म दिसतो म्हणतात. निशिगाकींना पाणीखात्यातली सगळी रांग दिसली. त्यांनी फोनसमोर वाकून नमस्कार केला आणि तो ठेवला.

आणि त्याच आठवड्यात कंपनीचे नवे पत्रक आले. वाढत्या खर्चामुळे ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या दिवसापासून प्रत्येक रहिवाशामागे वार्षिक वास्तव्यशुल्क लागेल. ज्याचे शुल्क येणार नाही त्याची झोपडी गावातून आदरपूर्वक हलवण्यात येईल. देशभर खेळाडू चिडले. कुणी कॅसेटी पेटीत घालून कंपनीच्या दारात नेऊन ठेवल्या, आणि कुणी आपापल्या गावकऱ्यांना वेशीबाहेर ओळीने बसवून उपोषण मांडले. कुसुमोतोंना ती कल्पना फार आवडली, पण मुळे वाळतील म्हणून हामाओकाबाईंनी ती हाणून पाडली. मात्र एका गोष्टीवर दोघांचे एकमत होते. शुल्क भरायचेच तर जिवंत घरांचे भरायचे.

सभा संध्याकाळी होती. त्या दिवशी पाळी आजींच्या घराची होती. दुपारी निशिगाकींनी ठरवले की एकदा सोक्षमोक्ष लावायचा. ते कुंपणाच्या कडेने, पाणीखात्याची जुनी विजेरी भर उन्हात हातात धरून, आजींच्या मागच्या अंगणाकडे गेले. किडे ओरडत होते. जवळ पोचताच ते सगळे एकाच वेळी गप्प झाले.

कडीला पिशवी नव्हती.

मागच्या ओसरीवर पाठमोरे कुणीतरी बसले होते. अंगावर आजींचा निळा, कामाचा झगा. मान खाली. मांडीवर मशीन.

निशिगाकींच्या घशातून जो आवाज निघाला त्याला शब्द म्हणता येणार नाही. त्या आकृतीने वळून पाहिले.

"अहो, ओरडता काय?" सुमिएबाई म्हणाल्या. "मुळा उपटताना दचकले ना मी."

निशिगाकी ओसरीवर बसले.

"तू? तू आहेस होय ही?"

"पाळी कुणाची चुकू नये ना," सुमिएबाई म्हणाल्या. झग्याची बाही त्यांनी हळूच सारखी केली. "त्यांची पाळी रिकामी जाते, हे मला बघवेना. म्हणून त्यांच्या नावानं बसते इथं. मुळ्यांना पाणी घालते. तुमच्या पेटीत एक ठेवते, त्या ठेवायच्या तसा. उद्या येते म्हटलं होतं ना मी त्यांना. मग येते."

निशिगाकींना इतके हायसे वाटले की त्यांना राग आला, आणि राग आल्यावर आणखी हायसे वाटले. भूत नव्हते. बायको होती. सगळ्याचा हिशेब लागला.

"आणि तुम्ही," सुमिएबाई खाली बघत म्हणाल्या, "पाऊस घेतलात आणि एका शब्दानं बोलला नाहीत. सभेत झारीच्या बाजूनं हात वर करून, मागून गुपचूप घेतलात. मला सगळं कळतं हं. म्हणून तर मला हसू यायचं."

आता काय करावे? बायकोच्या डोळ्यांत इतक्या वर्षांनी असे काही दिसत होते, आणि फक्त 'हं' म्हटले की ते आपले होणार होते. पण पावती नसलेले पुण्य हा माणूस घेणार कसे?

"सुमिए," ते म्हणाले, "पाऊस मी नाही घेतला."

"मग?"

"मला वाटलं ओल तुझ्या झारीची. पाऊस..."

"झारीचं पाणी मुळ्यांपुरतं घालते मी. पाऊस मी नाही केला."

दोघेही मांडीवरच्या मशीनकडे पाहू लागले. सुमिएबाईंनी ते मिटून ठेवले होते. आत कुणीतरी चालत होते. लाकडी खडावांचा असतो तसा, सावकाश आवाज. मग बादली टेकवल्याचा. मग पाण्याचा.

सुमिएबाईंनी नवऱ्याचा हात धरला. पण त्या घाबरल्या नव्हत्या. "पुसू नका हो कुणी त्यांचं घर," एवढेच म्हणाल्या. "मी पुन्हा उशिरा नाही पोचणार."

संध्याकाळची सभा तापली. टोपाखाली बसलेल्या बायकांनीसुद्धा टोप बाजूला सारले. कुसुमोतो उभे राहिले. "भावनेचा प्रश्न नाही. पण जे नाहीत त्यांचं शुल्क भरायचं, हे कुठल्या नियमात बसतं? गटप्रमुखांनीच सांगावं. नियम त्यांना पाठ आहेत."

निशिगाकी उठले. गळ्याचे बटण लावले. सुमिएबाई कोपऱ्यात, मांडीवर निळा झगा घडी करून बसल्या होत्या. निशिगाकींना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नियमांविषयी प्रेम वाटले.

"इसोबे हात्सु ह्यांचा राजीनामा," ते म्हणाले, "आजतागायत आलेला नाही."

"पुन्हा तेच!"

"स्वतःच्या शिक्क्यानिशी, स्वतः आणून द्यायचा असतो. त्या येईपर्यंत त्या सभासद आहेत. सभासदाला गावाबाहेर काढण्याचा अधिकार ह्या सभेला नाही, मला नाही आणि कंपनीलाही नाही. त्यांचं शुल्क गल्ली भरेल. कुणाची हरकत असेल तर लेखी द्यावी. त्यांच्या घरी. कडीला अडकवून."

बंद दाराच्या कडीला आपल्या हाताने असली चिठ्ठी लावायला कोण जाणार? हामाओकाबाईंनी आधी हात वर केला. मग बाकीचे. कुसुमोतोंनी शेवटी केला आणि म्हणाले, "ट्रामही एकेकाळी मी बंद थांब्यावर उभी करायचो. तिथं एक म्हातारा चढायचा. कंपनीला कधी सांगितलं नाही."

ओबोन आला. वर्षभरात गेलेल्या माणसाच्या दारावर पहिल्या सणाला पांढरा कंदील लावतात. आजींना लावणारे कुणी नव्हते. सुमिएबाईंनी तो पिशवीच्या कडीलाच टांगला. दिवस मावळायच्या आधी सगळी गल्ली आजींच्या ओसरीवर जमली, कुणी कलिंगड घेऊन, कुणी नुसती भीती घेऊन. मध्ये मशीन ठेवले. ह्या वेळी सुमिएबाईंनी ते उघडले.

गावात लख्ख ऊन होते. ढगाचा पत्ता नव्हता. आणि तरीही आवाज येत होता.

"हा वरून नाही पडत," कुसुमोतो कुजबुजले.

खरेच. पाणी खालून येत होते. पडद्यावरच्या वाटेच्या टोकाला, पहिल्या झोपडीपुढे गुडघ्याएवढ्या उंचीवर पाण्याची एक कमान उठली आणि जमिनीवर पसरली. ओगराळ्याने मारावा तसा एक सपकारा. मग जरा थांबणे. मग पुढच्या दारापुढे दुसरा. पाणी टाकणारे कुणी दिसत नव्हते, पण धुळीवर ओली पावले उमटत होती, लहान, जवळजवळ. घरामागून घर. कुसुमोतोंच्या दारापुढे. हामाओकाबाईंच्या. मदतकेंद्राची बाई खरे बोलली होती. त्या गावात पाऊस नव्हताच मुळी.

पावले निशिगाकींच्या झोपडीपुढे थांबली. पाणी पडले. आणि मग, किंचित डावीकडे, मुद्दाम, दुसऱ्यांदा पडले.

सुमिएबाईंच्या तोंडून हसू फुटले आणि डोळ्यांतून पाणी. "आले हं मी," त्या पडद्याला म्हणाल्या. निशिगाकी मात्र उठले आणि घराकडे चालू लागले.

गल्ली कोरडी होती. दिवसभराचे ऊन दगडांतून वर येत होते. त्यांच्या दारापुढे सणासाठी चकचकीत केलेला बुटांचा जोड होता. तो निथळत होता. भोवती हातभर ओली जमीन, आणि तिच्यातून चर्र असा बारीक, थंड होत जाणारा आवाज.

"आजी," ते नेहमीच्या करड्या सुरात म्हणाले, "बुटांवर नको म्हणून किती वेळा..."

त्यांनी वाकून बूट उचलले नाहीत की पुसले नाहीत. दारात उकिडवे बसून ते नुसते वाळताना पाहत राहिले, अंधार पडेपर्यंत, आणि मग तेच ओलसर बूट पायांत घालून बायकोला आणायला गेले.

तर बाबांनो, आता ती शेजारची मोकळी जागा. तिथे हात फिरवून बघा, जरा गार लागते का. लागो न लागो, उद्या भर उन्हात आपल्या दारापुढची धूळ ओली दिसली आणि आभाळात ढग नसेल, तर कुणी सांडले म्हणून चौकशीला जाऊ नका. बूट जागचे हलवू नका. घटकाभर उभे राहा आणि इसोबे हात्सु आजींची आठवण काढा. त्यांचे नाव अजून पाळीत आहे.